दुष्काळ मोजण्याची भाषा : बारामती आणि इंदापूर

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, भीमा, नीरा आणि कऱ्हा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत अवर्षण ही अपवादात्मक घटना नसून शेतीचा हिशेब मांडतानाच धरावी लागणारी बाब आहे. त्यामुळे संकट मोजण्याची आणि त्याला सरकारदरबारी नाव देण्याची परकी परिभाषा गेल्या दोनशे वर्षांत या भागात वारंवार आली. तिच्यातील जे शब्द शेतकऱ्याला स्वतः पडताळता येणाऱ्या मोजमापाशी जोडलेले होते ते रुजले, आणि ज्यांचे मोजमाप त्याच्या दृष्टीआड राहिले ते शासन निर्णयांपुरते उरले, असे हा इतिहास दाखवतो.

या प्रक्रियेचा पहिला मोठा प्रयोग इंदापुरात झाला. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या शिलकीच्या तत्त्वावर शेतसारा ठरवला. परंतु ही आकारणी किचकट आणि प्रत्यक्षात जड ठरून अनेक शेतकऱ्यांनी जमिनी पडीक टाकल्या. 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तेथेच नव्याने पाहणी केली आणि 1836 मध्ये तीस वर्षांसाठी दर बांधून दिले. त्यांच्या पद्धतीला 1847 च्या संयुक्त अहवालात निश्चित रूप मिळाले, तेव्हा जमिनीची प्रतवारी उत्तम जमिनीच्या सोळा आण्यांपासून हलक्या जमिनीच्या दोन आण्यांपर्यंत उतरत जाणाऱ्या मानाने मांडली गेली. पूर्णत्वाचे माप म्हणून ‘सोळा आणे’ हा प्रयोग लोकांच्या तोंडी असल्याने हे मान समजायला सोपे होते. हेच मान पिकाला लावून, चांगल्या वर्षाच्या तुलनेत यंदा किती पीक आले हे सांगणारी ‘आणेवारी’ महसुली कारभारात स्थिर झाली. दशमान नाण्यांनंतर तिची ‘पैसेवारी’ झाली, तरी गावोगाव जुना शब्द टिकला.

आणेवारी टिकली याचे कारण तिच्या कार्यपद्धतीत आहे. पीक कापणी प्रयोगात निवडलेल्या शेतातील ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील पीक कापले, मळले आणि तोलले जाते. मंडळ अधिकारी, तलाठी, सरपंच आणि शेतकरी यांची समिती नजर अंदाज, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांनी आकडा ठरवते. तो पन्नास पैशांच्या आत आला, तर जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कमाफी यांसारख्या सवलतींचा मार्ग मोकळा होत असे. या आकड्यावर वाद पुष्कळ झाले, परंतु वाद घालता येणे हेच त्याचे बळ होते.

1876–78 च्या दुष्काळानंतर 1880 च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळ संहिता तयार झाल्या. मराठीत ‘दुष्काळ’ या एका शब्दात पावसाची ओढ, पिकाचे बुडणे आणि अन्नावाचून होणारी उपासमार हे सारेच सामावत असल्याने इंग्रजी कायद्यांतील वेगवेगळ्या पायऱ्या त्यात नेमक्या बसत नव्हत्या. 1963 मध्ये राज्याने कायदा करून उपासमारीचा दुष्काळ दर्शवणारा इंग्रजी शब्द आपल्या कायद्यांतून वगळला आणि टंचाईवाचक शब्द घातला. अन्नावाचून माणसे मरण्याची वेळ येऊ द्यायची नाही, हा निर्धार त्यामागे होता; पण मराठी व्यवहारात ‘टंचाई’ आणि पुढे ‘दुष्काळसदृश’ या शब्दांनी जिरायत शेतकऱ्याचे संकट सौम्य करून दाखवले. मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न गेल्यानंतर, मे 2016 मध्ये शासनाला अशा सावध शब्दप्रयोगांऐवजी ‘दुष्काळ’ म्हणावे लागले.

दरम्यान मार्च 2015 मध्ये जपानमधील सेंदाई येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने आपत्तींची जोखीम कमी करण्याचा आराखडा स्वीकारला होता. त्यानुसार जोखीम केवळ नैसर्गिक संकटावर नव्हे, तर त्याच्या कक्षेत कोण सापडतो आणि कोणाकडे तोंड देण्याची ताकद कमी आहे यावरही अवलंबून असते. 1885 मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने विभागलेल्या या प्रदेशाला हा भेद ‘बागायत’ आणि ‘जिरायत’ या शब्दांतून आधीच ठाऊक होता: पाऊस दोघांवरही सारखाच रुसतो, पण उसाच्या पट्ट्याचे आणि माळरानाचे नुकसान सारखे नसते.

केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पैसेवारीऐवजी पावसाची तूट व खंड, वनस्पती निर्देशांक, मृद आर्द्रता असे निकष आणले. मराठीत त्यांच्या टप्प्यांना ‘पहिली कळ’ आणि ‘दुसरी कळ’, तर निवडक गावांतील प्रत्यक्ष पाहणीला ‘सत्यमापन’ असे म्हटले गेले. 31 ऑक्टोबर 2023 रोजी याच पद्धतीने दुष्काळ जाहीर झालेल्या राज्यातील 40 तालुक्यांत बारामती आणि इंदापूर हे दोन्ही होते. पैसेवारीचा अंतिम आकडा हंगाम सरल्यावर येतो, त्यापेक्षा ही पद्धत लवकर इशारा देते हे खरे. मात्र उपग्रहाने टिपलेला निर्देशांक शेतकऱ्याला तराजूत घालून पाहता येत नाही.

या दरीवर सेतू बांधता येतो, याचा पुरावा बारामती तालुक्यातच आहे. माळेगाव येथे 2009 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेचा विषय ‘अजैविक ताण’, म्हणजे अवर्षण, उष्णता, क्षार यांसारख्या निर्जीव कारणांनी पिकावर येणारा ताण, हा आहे. डाळिंबाचा बहर धरण्यासाठी पाणी तोडून बागेला ताण देणाऱ्या इंदापूरच्या बागायतदाराला या संज्ञेतील मुख्य शब्द शिकवावा लागत नाही, कारण त्याची लक्षणे तो पानगळीवरून रोज वाचतो. म्हणून जागतिक आपत्ती धोरणाचे मराठीकरण कोशातील प्रतिशब्दावर थांबता कामा नये. आपल्या मंडळाचा निर्देशांक कोणत्या मापांतून निघाला हे ग्रामसभेत उलगडून सांगणे आणि त्यावर हरकत घेण्याची वाट मोकळी ठेवणे, हाही त्या अनुवादाचाच भाग आहे. तसे झाले तरच ज्याच्या शेतावर संकट आले, त्याला त्या संकटाच्या मोजमापात बोलण्याचा हक्क राहील.