शब्दवेध : सुट्टी

मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोळीभाजीचा शेवटचा घास तोंडात घोळवतच आम्ही मैदान गाठायचो. आधी चकायचं. तिघांनी हात धरून झोका द्यायचा आणि तळवे टाकायचे. दोन पालथे, एक उताणा. उताणावाला ओरडायचा, "सुटलो!" शेवटी उरेल त्याच्यावर राज्य.

हे 'सुटणं' आणि ती 'सुट्टी' एकाच घरातली. प्राकृतातल्या 'छुट्ट'पासून हिंदीत 'छूटना', 'छुट्टी' आले. मराठीत मात्र 'छ'चा 'स' झाला. ही आपल्या भाषेची जुनी खोड. हिंदीतली छुरी ती आपली सुरी, मछली ती मासळी, पूछना ते पुसणे. तशीच छुट्टीची सुट्टी. कुणी एकाच 'ट'वर भागवून 'सुटी' लिहितं. दिवस तेवढाच मिळतो.

गोतावळाही मोठा. दुकानदार देतो ती सूट, कंडक्टर मागतो ते सुटे पैसे, कैद्याची सुटका, सुटसुटीत संसार. सगळीकडे अर्थ एकच : बांधलेलं मोकळं होणं. सुटे पैसे म्हणजे तरी काय, नोटेतून मोकळी झालेली नाणीच.

आम्ही बाकावरून सुटायचो ते मैदानात राज्यातून सुटण्यासाठी धडपडायला. सुट्टी संपल्याची घंटा झाली की सगळ्यांचे चेहरे पडायचे. ज्याच्यावर राज्य, तो एकटाच खूश. त्याची खरी सुट्टी तेव्हा व्हायची. मागून आरोळी यायचीच, "उद्या राज्य तुझ्यावरच हां!"