ठरल्या वेळी विरणारा धातू

सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत विश्रामबाग लागते. धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सुरू केलेले आणि १९५५ पासून वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय इथलेच. पुढे थोड्या अंतरावर मिरज, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उभारले आणि तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण या गावाची वाट धरू लागले. एका ठिकाणी धातूचे बळ मोजायला शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी मोडलेले हाड धातूने सांधतात. पायात पोलादाची किंवा टायटॅनियमची पट्टी बसवलेले वाढत्या वयाचे मूल काही महिन्यांनी पुन्हा ‘प्लेट काढायला’ आणावे लागते, हा अनुभव अनेक घरांना आहे. ही दुसरी शस्त्रक्रिया टळावी, हाड जुळेपर्यंत धातूने टिकावे आणि मग शरीरातच विरून जावे, यासाठीची धडपड जवळजवळ दीडशे वर्षांची आहे. तिच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम आहे, आणि त्याची घाई आवरण्यासाठी त्यावर चढवलेला सिरॅमिकचा थर आहे. त्या थराची वंशावळ आपण पाहू.

हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ साली मॅग्नेशियम वेगळे केले, बुन्सेन यांनी १८५२ साली ते विजेच्या साहाय्याने मिळवण्याची रीत बसवली, आणि पुढच्या दशकात त्याची तार फोटोग्राफरांना लख्ख उजेड देऊ लागली. तीच तार १८७८ साली एडवर्ड ह्यूस या अमेरिकी डॉक्टरने रक्तस्राव होणाऱ्या वाहिन्या बांधण्यासाठी वापरली. तीन रुग्णांवर. टाका काढावा लागू नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्यानंतर ऑस्ट्रियात एर्विन पायर यांनी रक्तवाहिन्या जोडण्यासाठी मॅग्नेशियमच्या नळ्या करून पाहिल्या. वॉन्लेस मिरजेत आपले रुग्णालय उभारत होते, ती हीच वर्षे.

सर्वांत बोलका प्रसंग बेल्जियममधला, १९०६-०७च्या सुमाराचा. आल्बिन लांबोत हे अस्थिशल्यचिकित्सेच्या आद्य पुरुषांपैकी एक. त्यांनी सतरा वर्षांच्या एका मुलाच्या मोडलेल्या पायावर मॅग्नेशियमची पट्टी बसवली आणि ती पोलादी खिळ्यांनी पक्की केली. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायूचा मोठा फुगवटा आला. आज कारण आपल्याला उघड दिसते. शरीरातल्या खारट पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला दुबळा धातू वेगाने झिजतो. पोलादापुढे मॅग्नेशियम फारच दुबळे. शिवाय पाण्याशी संयोग होताना ते हायड्रोजन सोडते, एका ग्रॅममागे साधारण एक लिटर. लांबोत यांनी मात्र हा विचार सोडला नाही. त्यांचे शिष्य जाँ व्हेरब्रुग यांनी इतर धातू टाळून केवळ मॅग्नेशियमवर काम केले आणि लहान मुलांच्या कोपराजवळच्या अस्थिभंगांत त्यांना यश आले. १९३८ साली अमेरिकेत अर्ल मॅकब्राइड यांनी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचे अनुभव प्रसिद्ध केले. पण स्टेनलेस स्टीलपुढे हे सारे मागे पडले. न गंजणारा धातू हाताशी आल्यावर विरघळणाऱ्याच्या वाटेला कोण जाणार?

लोखंडावर काचेचा थर भाजून त्याला पाण्यापासून वाचवण्याची कला त्याआधीच घरोघरी पोहोचली होती. निळ्या काठाचा एनॅमलचा मग ज्यांनी वापरला आहे, त्यांना टवका उडालेल्या जागीच गंज धरतो हे सांगायला नको. मॅग्नेशियमवर निसर्गतःच ऑक्साइडची साय येते, पण ती तोकडी पडते. पिलिंग आणि बेडवर्थ यांनी १९२३ साली मांडलेल्या हिशेबानुसार जितक्या मॅग्नेशियमपासून ऑक्साइड तयार होतो, त्याच्या आकारमानाच्या जेमतेम ०.८१ पट त्या ऑक्साइडचे आकारमान भरते. म्हणजे अंगाला पुरत नाही असे पांघरूण. क्लोराइड असलेल्या द्रवात ते आणखी विरते, आणि आपले रक्त क्लोराइडने भरलेले आहे.

ही उणीव भरून काढणारी वाट वैद्यकाबाहेरून आली. विद्युतद्रावात बुडवलेल्या धातूच्या अंगावर ठिणग्या नाचतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियात स्लुगिनोव्ह यांनी पाहिले होते. १९३०च्या दशकात जर्मनीत ग्युंटरशुल्त्से आणि बेट्झ यांनी त्याचा कसून अभ्यास केला. मग विमानांमुळे मॅग्नेशियमला भाव आला. १९५०च्या दशकात हॅरी इव्हँजेलिडीस यांनी त्यावर कठीण थर चढवण्याची रीत दिली, ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून एचएई म्हणून ओळखली गेली. १९७०च्या दशकात नोव्होसिबिर्स्कमध्ये मार्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिणग्यांचे हे तंत्र शास्त्रशुद्ध केले. वस्तू धनाग्र म्हणून टांगायची, शेकडो व्होल्ट द्यायचे; क्षणभराची प्रत्येक ठिणगी आपल्या जागेवरचा ऑक्साइड वितळवते आणि भोवतालचा द्रव तो लगेच थिजवतो. लाखो ठिणग्यांतून धातूच्याच अंगातून सिरॅमिक उगवते. वरून फासलेल्या रंगापेक्षा ते चिवट असते, कारण त्याचे मूळ धातूतच असते.

पुढे मॅग्नेशियमचा विचार पुन्हा हाडासाठी होऊ लागला, पण विमानासाठीचा लेप आणि हाडासाठीचा लेप यांच्या अपेक्षा निराळ्या. जुन्या पाककृतींत क्रोमेट, फ्लोराइड, परमँगनेट असे. विमानाच्या पत्र्यावर कायम टिकणे हा गुण. हाडात कायम टिकला तर सारा खटाटोपच वाया. म्हणून द्राव बदलले: सिलिकेट आले, फॉस्फेट आले, कॅल्शियम आले. गंज कायमचा रोखण्यासाठी जन्मलेल्या थराकडे आता झिजण्याची तारीख पुढे ढकलण्याचे काम आले. या कथेतली मला सर्वांत मोठी वाटणारी कलाटणी हीच.

फ्रांक विट्टे आणि सहकाऱ्यांनी २००५ साली गिनीपिगच्या मांडीच्या हाडात मॅग्नेशियमच्या सळ्या ठेवल्या. पहिल्या आठवड्यात वायूचे बुडबुडे आले, पुढे ते ओसरले आणि सळ्यांभोवती नवे हाड धरले. २०१३ साली जर्मनीत बनलेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला युरोपीय मान्यता मिळाली. त्यात मिश्रधातूच्या रचनेवरच भिस्त होती, सिरॅमिक थरावर नव्हे. थराची गरज तिथे जास्त, जिथे भार मोठा आणि पहिल्या आठवड्यांतली झीज परवडत नाही. भारतात हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन केंद्रात ठिणग्यांच्या तंत्रावर काम झाले, आणि टी. एस. एन. शंकर नारायणन यांनी कोरियन सहकाऱ्यांसह २०१४ साली विरघळणाऱ्या रोपणांवरच्या अशा थरांचा विस्तृत आढावा लिहिला.

या थरांच्या अडचणी आजही पुऱ्या सुटलेल्या नाहीत. प्रत्येक ठिणगी मागे एक बारीक छिद्र ठेवून जाते. छिद्रातून द्रव आत शिरला की आतल्या हायड्रोजनच्या दाबाने थर उचलला जातो. म्हणून छिद्रे बुजवायला वरून हायड्रॉक्सिअपॅटाइट, म्हणजे हाडातल्याच खनिजाच्या जातीचा दुसरा लेप दिला जातो. चाचणीला अवाढव्य यंत्रे लागत नाहीत. कोकुबो यांनी १९९० साली सुचवलेला रक्तद्रवासारखा कृत्रिम द्राव, ३७ अंशांचे तापमान आणि नमुन्यावर पालथे घातलेले नरसाळे व ब्युरेट एवढ्यावर हायड्रोजन मोजता येतो, आणि विश्रामबागेसारख्या ठिकाणची प्रयोगशाळाही तो मोजू शकते. प्रयोगशाळेत मोजलेला वेग मात्र जिवंत हाडातल्या वेगाशी बहुधा जुळत नाही. शिवाय शल्यचिकित्सक स्क्रू पिळून हाडात बसवतो तेव्हा आट्यांच्या कडेवरचा ठिसूळ थर घासला जातो, आणि झीज त्याच ओरखड्यापासून सुरू होते.