ग्रँटचेस्टर : नाव एक, दप्तर दुसरेच

रँग्लर परांजपे १८९९ साली ज्या केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, त्या केंब्रिजपासून दोनेक मैलांवर, त्याच नदीच्या काठी ग्रँटचेस्टर नावाचे खेडे आहे. आज त्याच्या नावाची थोडी चौकशी करू या.

इंग्लंडात गावाच्या नावाअखेर ‘चेस्टर’ आले की तिथे एके काळी रोमन लोकांचे तटबंदीचे ठाणे असावे असा अंदाज बांधतात. विंचेस्टर घ्या, मँचेस्टर घ्या. मग ग्रँटचेस्टर म्हणजे ग्रँटा नदीवरचे रोमन ठाणे, असे तुम्ही म्हणाल. अंदाजाला आधारही होता. बीड नावाच्या साधूने (आपल्या बीडचा येथे काही संबंध नाही बरे!) इ. स. ७३१ मध्ये इंग्रजांचा इतिहास लिहून पुरा केला. त्यात तो सांगतो की, ६९५ साली ईलीच्या मठातली माणसे राणी एथेलथ्रिथच्या अस्थींसाठी दगड शोधायला होडीने निघाली, ‘ग्रांटाकेस्तिर’ नावाच्या ओसाड नगरीपाशी पोचली, आणि तटाजवळ त्यांना पांढऱ्या संगमरवराची सुरेख शवपेटी मिळाली. ही नगरी म्हणजेच हे खेडे, असे पुष्कळांनी धरून टाकले.

पण जुने दप्तर काढा. १०८६ साली विल्यम राजाने गावोगावची जमीन, नांगर, गिरण्या मोजून लिहून घेतल्या. त्या नोंदीत गावाचे नाव आहे ‘ग्रांटेसेते’. ‘सेते’ म्हणजे वस्ती करून राहिलेले लोक. ग्रँटाकाठचे रहिवासी, एवढाच अर्थ. ठाण्याचा पत्ताच नाही! पुढे जुना शब्द लोकांना उमगेनासा झाला, तेव्हा त्यांनी ओळखीचे ‘चेस्टर’ तिथे बसवून दिले. बीडची ओसाड नगरी होती ती खुद्द केंब्रिजच्या टेकडीवरची.

आणि केंब्रिज तरी कुठले मूळचे? ८७५ च्या नोंदीत ते ‘ग्रांटेब्रिज’ आहे, म्हणजे ग्रँटेवरचा पूल. नॉर्मन लोक आल्यावर ‘ग्र’ चा ‘क’ झाला, कांटेब्रिज झाले, आणि झिजत झिजत केंब्रिज. मग लोकांनी उलटा हिशेब मांडला : पूल केंब्रिज, तर नदी अर्थातच कॅम! गावाने नदीचे नाव घ्यावे ही रीत. इथे नदीनेच गावाचे घेतले. शहराच्या वरच्या अंगाला मात्र, ग्रँटचेस्टरच्या कुरणांजवळून वाहते तिथे, तिला आजही ग्रँटा म्हणतात.