प्याला, उपवास आणि वडी

मनुष्याने स्वतःच्या जिभेवर जितके निर्बंध घातले, तितक्याच त्या निर्बंधांतून निसटण्याच्या वाटाही त्याने शास्त्राधाराने काढून ठेवल्या आहेत. आपल्याकडे उपवासाला धान्य वर्ज्य. परंतु बटाटा, शेंगदाणा आणि ज्या कंदाच्या पिठाचा साबूदाणा होतो तो कंद, हे तिन्ही अमेरिका खंडातून समुद्रमार्गे येऊन एकादशीच्या ताटात मानाने बसले. कारण प्राचीन स्मृतिकारांना त्यांची वार्ताच नसल्यामुळे त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम काढण्याचे कोणाला सुचले नव्हते. त्याच खंडातून निघालेला आणखी एक पदार्थ स्पेनमार्गे युरोपात गेला, आणि ‘उपवासाला चालते काय?’ हा आपल्या घरोघरचा प्रश्न तेथील धर्मपंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ लिहून चर्चिला. तो पदार्थ म्हणजे चॉकलेट.

मोह आणि संयम यांचा हा कज्जा युरोपीयांच्याही आधीचा आहे. मेक्सिकोतील अझ्टेक राज्यात कोकोच्या बिया चलन म्हणून वापरल्या जात, आणि त्या वाटून केलेले फेसाळ पेय सरदार, योद्धे आणि दूरदेशी व्यापारी यांनीच प्यावे असा दंडक होता. पिण्यासाठी नाणेच वाटावे लागत असल्यामुळे सामान्य रयतेचा संयम आपोआप साधत असे. प्रश्न होता तो श्रीमंतांचा. दिएगो दुरान या डोमिनिकन संन्याशाने १५८१ साली पूर्ण केलेल्या इतिहासात या संदर्भात एक आख्यायिका नोंदवली आहे. पहिल्या मोक्तेसुमा राजाने आपल्या पूर्वजांच्या मूळ भूमीचा शोध घेण्यासाठी मांत्रिक पाठवले. तेथील टेकडीची वाळू चढताना ते कमरेपर्यंत रुतले, आणि त्यांचे ओझे घेऊन पुढे चाललेला एक वृद्ध मात्र तरुणासारखा सहज वर गेला. तुम्ही तिकडे खाता-पिता तरी काय, असे त्याने विचारले. उत्तरात कोकोचे पेय निघताच, त्यानेच तुम्ही असे जड झालात, असा निवाडा त्याने दिला. स्वतःच्या वैभवाविषयी त्या समाजाच्या मनात असलेली धास्ती या कथेत स्वच्छ उमटली आहे.

स्पेनची सत्ता आल्यावर या पेयात साखर पडली, ते गरम होऊ लागले आणि वसाहतीतील गोऱ्या कुटुंबांच्या दिनक्रमात जाऊन बसले. टॉमस गेज हा इंग्रज डोमिनिकन संन्यासी १६२५ साली त्या मुलखात उतरला. १६४८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने चियापा रेआल या नगरातील, म्हणजे आजच्या सान क्रिस्तोबाल दे लास कासासमधील, एक विलक्षण प्रकरण सांगितले आहे. तेथील कुलीन स्त्रियांची तक्रार अशी, की आपले पोट इतके अशक्त आहे की गरम चॉकलेटचा प्याला आणि थोडी मिठाई घेतल्यावाचून प्रार्थना संपेपर्यंत चर्चमध्ये बसणे आपल्याला शक्य नाही. त्यामुळे ऐन उपासनेत दासी प्याले घेऊन आत शिरत आणि धर्मोपदेशकाचा आवाज त्या गडबडीत बुडून जाई. बिशप बेर्नार्दिनो दे सालासार यांनी आधी समजावून पाहिले, आणि ते व्यर्थ गेल्यावर, उपासनेच्या वेळी मंदिरात खाईल-पिईल त्याच्यावर धर्मबहिष्कार, असे फर्मान दारावर लावले. परिणाम उलटाच झाला. दासींच्या हातचे प्याले हिसकावू पाहणाऱ्या पुरोहितांवर एके दिवशी तलवारी उपसल्या गेल्या. पुढे स्त्रियांनी मुख्य चर्च सोडून मठांच्या चर्चमध्ये जाण्यास आरंभ केला, आणि तीही वाट बिशपांनी बंद केली तेव्हा त्या घरीच बसल्या. अखेरीस बिशप आजारी पडले आणि वारले. त्यांना चॉकलेटच्या प्याल्यातून विष दिले गेले अशी वदंता उठली, आणि चियापाच्या चॉकलेटपासून जपून राहावे, अशी म्हणच त्या प्रांतात रूढ झाली. ज्या घरातील सर्व माणसांच्या स्नेहाची खात्री नाही तेथे मग आपणही चॉकलेट घेईनासे झालो, असे गेज लिहितो.

घेईनासा झाला तो परक्या घरी. स्वतःच्या कोठडीत त्याने बारा वर्षे नित्यनेमाने चॉकलेट घेतले, आणि त्याचे वेळापत्रकही देऊन ठेवले आहे: सकाळी एक प्याला, नऊ-दहाच्या सुमारास जेवणापूर्वी दुसरा, जेवणानंतर तासा-दोन तासांनी तिसरा, दुपारी चार-पाचच्या दरम्यान चौथा, आणि रात्री अभ्यासासाठी जागायचे असल्यास सात-आठ वाजता आणखी एक. या वेळा चुकल्या तर पोटात कसेसेच होई, ही कबुलीही तो पाठोपाठ देतो. म्हणजे चियापाच्या स्त्रियांची जी सबब त्याने थट्टेने सांगितली, तीच अखेर त्याची स्वतःचीही ठरली.

इकडे युरोपात फैसला शास्त्रावर आला होता. चॉकलेट हे पेय मानले तर ते उपवासाला चालते, अन्न मानले तर उपवास मोडतो. आंतोनियो दे लेओन पिनेलो यांनी १६३६ साली माद्रिदमध्ये या एकाच प्रश्नावर ग्रंथ छापला, आणि १६६४ साली कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी रोममध्ये असा कौल दिला, की द्रव पदार्थाने उपवास भंगत नाही आणि चॉकलेट हा द्रव आहे. पाण्यात केलेले असावे, भलत्या वस्तू घालून घट्ट केलेले नसावे, असे विवेकी पंडित बजावत होते. परंतु एकदा सवलत मिळाली की ती आपल्याच प्याल्याच्या आकाराची आहे असे प्रत्येकाला वाटते.

येथवरच्या साऱ्या मोहाला एक नैसर्गिक लगाम होता, तो श्रमाचा. बिया भाजायच्या, टरफले काढायची, तीन पायांच्या आणि खालून निखाऱ्यांनी तापवलेल्या दगडी पाट्यावर गुडघे टेकून त्यांचा लगदा वाटायचा, मग तो पाण्यात कालवून लाकडी रवीने फेस येईतो घुसळायचा. एवढी यातायात दिवसातून किती वेळा करणार? अर्थात हे श्रम बहुधा दासींच्या वाट्याला येत, तरी प्याल्यापूर्वी वाट पाहणे मालकिणीलाही चुकत नसे. एकोणिसाव्या शतकाने नेमका हाच लगाम काढून घेतला. १८२८ साली हॉलंडमधील व्हान हौटेन यांनी कोकोतील निम्मीअधिक चरबी दाबून वेगळी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तीच चरबी पुन्हा कोको आणि साखरेत मिसळून ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ साली खाण्याची वडी ओतली. १८७५ साली स्वित्झर्लंडमध्ये डॅनिएल पीटर यांनी तीत दूध आणले, आणि चार वर्षांनी रोडोल्फ लिंट यांनी दीर्घकाळ घोटून तिला मखमलीचा मऊपणा दिला. चॉकलेट आता खिशात मावू लागले आणि वाट पाहण्याचे कारणच उरले नाही.

यातील मौज अशी, की इंग्लंडमध्ये हा धंदा वाढवला तो फ्राय, कॅडबरी आणि राउंट्री या क्वेकर घराण्यांनी, म्हणजे साधी राहणी व मद्यनिषेध हे ज्यांचे व्रत अशा मंडळींनी. जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली बर्मिंगहॅममध्ये दुकान थाटले, तेव्हा दारूऐवजी लोकांनी चहा, कॉफी आणि कोको प्यावा हा त्यांचा सद्‌हेतू होता. पुढे त्यांच्या पुत्रांनी वसवलेल्या बोर्नव्हिलमध्ये दारूचा गुत्ता उघडण्यास मज्जाव होता. एका मोहाचा बंदोबस्त करण्यासाठी त्यांनी दुसऱ्याला कामावर ठेवले, आणि तो अधिक गोड निघाला.

याच घराण्याची कंपनी १९४८ साली हिंदुस्थानात आली आणि मुंबई हे तिचे ठाणे झाले. कोकोची चरबी साधारण ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या उष्णतेच्या किंचित खाली, वितळते. चॉकलेटचे सारे सुख या एका गुणधर्मात आहे, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याची सारी विटंबनाही त्यातच आहे. वैशाखात दुकानातून घरी येईतो वडीचा लगदा होतो, आणि थंड केल्यावर तिच्यावर पांढुरकी बुरशीसारखी साय दिसते, जी वस्तुतः वर आलेली चरबी असते. म्हणून आपल्याकडे चॉकलेटचे मुक्कामाचे स्थान शीतकपाट ठरले, आणि रात्री पाणी पिण्याच्या निमित्ताने ते उघडण्याची मुभा घरातील लहानथोरांना सारखीच असते.

माझ्यापुरते सांगायचे तर मला दुधाचे चॉकलेट नको. शंभरांत सत्तर भाग कोको असलेले, कडवट, बेदाणे-काजूंची भरती नसलेले हवे. यात रसिकतेचा तोरा नाही. दुधाची वडी मनाने दखल घेण्यापूर्वीच संपलेली असते. कडवट तुकडा जिभेवर रेंगाळतो आणि दोन तुकड्यांनंतर स्वतःच पुरे म्हणतो. जुन्या पाट्या-रवीने जी वाट पाहायला लावली असती, तिचा थोडा अंश हा कडूपणा परत देतो.

निर्बंध बाहेरून आला की तलवारी निघतात, सवलत शास्त्राने दिली की प्याला मोठा होतो, आणि वेळापत्रक नुसते पाळले तर काही वर्षांत तेच मालक होऊन बसते. तेव्हा तुकडा मोडावा, उरलेली वडी आत ठेवून कपाटाचे दार लावावे आणि मगच पहिला घास घ्यावा, एवढाच नियम मला टिकाऊ वाटतो. श्रम दुसऱ्याने केले असले तरी मर्यादा ज्याची त्यानेच आखावी लागते. तिचे कंत्राट कारखानदार घेणार नाही, आणि ते धर्मपीठाकडे दिल्यास काय होते, ते चियापाच्या बिशपांनी जीव देऊन दाखवले आहे.