मधली सुट्टी आणि मूठभर फुटाणे

आजचा विषय आहे दुपारी साडेचारची भूक. जेवण होऊन तीन-चार तास झालेत, रात्रीचं जेवण लांब आहे, आणि हात आपोआप बिस्किटाच्या पुड्याकडे जातोय. काय खावं ते सांगतोच, पण त्याआधी एक प्रश्न. कामाच्या मध्ये थांबून खायला जो वेळ मिळतो, तो आला कुठून?

त्यासाठी जुन्या मुंबईत जाऊ. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे कामाचे तास सूर्य ठरवायचा. उजाडलं की काम सुरू, मावळलं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे कामही जास्त. सगळ्यांसाठी ठरलेली मधली सुट्टी नव्हती. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला, त्यात लहान मुलांना तासभर विश्रांती मिळाली. मोठ्यांना काहीच नाही.

इथे येतात नारायण मेघाजी लोखंडे. जोतिराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, वेळेवर पगार, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. अर्धा तास! एवढ्यासाठी साडेपाच हजार माणसांनी नाव लिहायची हिंमत केली.

१० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कायद्यात आला. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने सांगितलं की अर्ध्या तासाच्या विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही.

आता खाण्याकडे वळू. इतक्या कमी वेळात, कमी पैशात पोट धरेल असं काय? त्याचं उत्तर आपल्याकडे भडभुंज्याच्या भट्टीवर आधीपासून तयार होतं. ओलावलेले हरभरे तापलेल्या वाळूत टाकले की आतल्या पाण्याची वाफ होते, साल तडकते आणि दाणा खुसखुशीत होतो. झाले फुटाणे. तेल नाही, फ्रिज नको, महिनाभर डब्यात टिकतात.

साधारण ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर फुटाण्यांत ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शिवाय तंतू. प्रथिनं सावकाश पचतात, तंतू पचनाचा वेग कमी करतात, चावायलाही वेळ लागतो, म्हणून भूक परत लगेच डोकं वर काढत नाही. मैदा-साखरेच्या बिस्किटांचं उलट होतं, तासाभरात पुन्हा पुडा उघडतो. फुटाणे सालीसकट खा, कारण साल काढलेल्या डाळ्यात तंतू कमी उरतात. शेंगदाणेही उत्तम, पण मूठभरच, कारण तेवढ्यातच साधारण १७० कॅलरी असतात. नुसते कुरमुरे पोकळ आहेत. त्यात फुटाणे, दाणे, कांदा, टोमॅटो, लिंबू घातलं की ओली भेळ पोटाला आधार देते. सोबत पेरू किंवा केळं असेल तर झकास.

आता माझं म्हणणं. आम्ही आयटीवाले कोणाच्या भोंग्यावर चालत नाही, पण एक मीटिंग संपते तोवर दुसरीची रिंग वाजते, आणि खाणं होतं ते स्क्रीनकडे बघत. डब्यात काय आहे हा प्रश्न नंतरचा, डबा उघडायला वेळ आहे का हा आधीचा. घाईत माणूस हाताला लागेल तेच खातो. म्हणून फुटाण्यांचा डबा भराच, पण कॅलेंडरमध्ये पंधरा मिनिटं अडवून ठेवा आणि तेव्हा कोणी मीटिंग टाकली तर सरळ 'नाही' म्हणा. तो वेळ कोणी उपकार म्हणून दिलेला नाही, आपल्याआधीच्या माणसांनी तो सह्या करून मागून घेतलाय.

भेटू पुढच्या भागात. तोवर नीट खा, चावून खा!