सफारी : वाट, पाणी आणि मुक्काम

कामतघर हे कापडाचे गाव. वऱ्हाळा तलावाच्या काठाने कोणत्याही गल्लीत शिरा, यंत्रमागांची खटखट कानांवर येतेच. अशा गावात 'सफारी' म्हटले की जुन्या माणसांना पहिल्याने आठवतो तो सफारी सूट. लग्नात नवरदेवाच्या मामाने घालायचा, चार खिशांचा. नव्या पिढीला मात्र त्या शब्दाने सिंह आठवतो, उघड्या टपाची गाडी आठवते आणि विमान कंपनीच्या तिकिटाचा भाव आठवतो. मुंबईहून नैरोबीला आता सहा-साडेसहा तासांत पोचता येते. तेव्हा भिवंडीतली चार कुटुंबे एकत्र बसून 'यंदा आफ्रिका' असा बेत करू लागली, तर त्यात नवल नाही.

परंतु या शब्दाचा मूळ अर्थ ना कपडा, ना सिंह. स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे नुसता प्रवास. अरबी 'सफर'पासून तो शब्द निघाला, आणि त्याच अरबी घरातून आपल्या मराठीतही 'सफर' आली. म्हणजे एकाच आजीच्या या दोन नाती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सफारी म्हणजे व्यापारी तांडा घेऊन आत मुलखात जाणे. त्या तांड्याच्या म्होरक्याला निघण्यापूर्वी तीन प्रश्न सोडवावे लागत : पाणी कुठे आहे, वाट कधी मोकळी होते, आणि मुक्काम कोणाच्या जमिनीवर पडणार? आज आपण मुक्कामाचे लॉज निवडतो तेव्हा खाटा किती मऊ आणि न्याहरीला काय, याची चौकशी करतो. माझे म्हणणे एवढेच, की ते जुने तीन प्रश्न अजून जिवंत आहेत, आणि ते न विचारता आखलेली सफारी ही पैसे देऊन घेतलेली निराशा ठरू शकते.

प्रथम तांड्याची हकीकत पाहू. किनाऱ्यावरून आत जाताना बैल-घोड्यांचा उपयोग फारसा होत नसे, कारण त्से-त्से नावाची माशी चावली की जनावर मरे. म्हणून सारा माल माणसांच्या डोक्यावर. एका हमालाचे ओझे साधारण तीस किलोंचे. त्या ओझ्यांत पुष्कळदा असे कापड. कारण आतल्या मुलखात कापड हेच नाणे होते. अमेरिकेहून येणाऱ्या कोऱ्या, न धुतलेल्या जाड कापडाला तिथे 'मेरिकानी' म्हणत, आणि हिंदुस्थानातून जाणाऱ्या निळीत रंगवलेल्या कापडाला 'कानिकी'. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा माल आटला, आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांनी ती बाजारपेठ हळूहळू हाती घेतली. नाव मेरिकानीच राहिले, कापड मात्र आपल्याकडचे. कामतघरच्या मागांवर आज जे कोरे कापड उतरते, त्याच्याच जातकुळीचे ते. वाटेत ज्याचा मुलूख लागे त्या सरदाराला कापडाचा जो कर द्यावा लागे त्याला 'होंगो' म्हणत. होंगो चुकवून पुढे गेलेल्या तांड्याची गत बरी होत नसे.

या तांड्यांच्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचे एक पान आहे, आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश आरमाराची जहाजे हिंदी महासागरात गुलामांची गलबते पकडीत. सुटका झालेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतल्या पुष्कळांना नाशिकजवळच्या शरणपूर येथे मिशनऱ्यांच्या आश्रमशाळेत ठेवले जाई. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, गोदावरीकाठच्या मराठी मुलखात लहानाची मोठी झाली. आफ्रिकेत परतल्यावर त्यांना 'नासिक बॉइज' हे नाव पडले. प्रवासवर्णनांत ते वारंवार भेटते, पण नाशिकच्या माणसाला ते आपल्या गावाचे आहे हे ठाऊक नसते.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईत आला. त्यापूर्वी, १८६४ साली, झांझिबारहून आपली छोटी आगबोट स्वतः हाकीत तो मुंबईला पोचला होता, आणि बरोबरच्या चुमा व विकातानी या दोन मुलांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत ठेवले होते. शेवटच्या मोहिमेसाठी त्याने ही दोघे आणि नाशिकचे नऊ तरुण बरोबर घेतले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी जहाजाची सोय केली, आणि जानेवारी १८६६ मध्ये मंडळी झांझिबारकडे निघाली. या नऊ जणांतले सगळेच शेवटपर्यंत टिकले असे नाही. काही वाटेत सोडून गेले. पण १८७२ मध्ये मदतीसाठी आणखी सहा नाशिककर पाठवले गेले, आणि त्यांत जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबो गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे काळीज तिथेच झाडाखाली पुरले गेले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. मग चुमा, सुसी आणि जेकब यांच्यासह त्या माणसांनी शव वाळवून, बांधून, सुमारे सोळाशे किलोमीटरची वाट तुडवीत किनाऱ्याला आणले. त्यांना तसा हुकूम देणारे कोणी उरले नव्हते. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा पेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरचा जेकब होता. चुमा पुढे १८७९ च्या जोसेफ टॉमसनच्या मोहिमेत तांड्याचा म्होरक्या झाला. मुंबईच्या शाळेत बसलेला हा मुलगा आफ्रिकेत नावाजलेला सफारी-नायक ठरला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची वस्ती उभी राहिली, तिला गव्हर्नर साहेबांच्या नावावरून फ्रिअरटाउन म्हणतात. तिच्या उभारणीतही हे नाशिककर होते.

त्यानंतर चित्र पालटले. १८९६ मध्ये मोंबासाहून रेल्वे घालायला आरंभ झाला आणि १९०१ मध्ये ती व्हिक्टोरिया सरोवराला भिडली. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेले गेले. सुमारे २,५०० तिथेच मातीला मिळाले. १८९८ साली त्सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनी जे मजूर ओढून नेले, त्यांची कथा जगभर गाजली. तापाने आणि हगवणीने गेलेल्यांची गाजली नाही. त्या लोकांमागून दुकानदार गेले, आणि स्वाहिलीत 'दुका' म्हणजे दुकान, 'गारी' म्हणजे गाडी असे शब्द रुजले. आज सफारीचा वाटाड्या 'गारी'त बसा म्हणतो, तेव्हा तो आपलाच शब्द आपल्याला परत करीत असतो.

रेल्वेने डोक्यावरचे ओझे संपवले आणि शिकारी साहेबाला वाट करून दिली. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्या मुलासह आले. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे बापलेकांनी ५१२ जनावरे मारली. 'सफारी' शब्दाला शिकारीचा वास लागला तो या काळात. पुढे बंदुकीची जागा हळूहळू कॅमेऱ्याने घेतली. नैरोबीचे राष्ट्रीय उद्यान १९४६ चे, त्सावोचे १९४८ चे, सेरेंगेटीचे १९५१ चे. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली.

आता लॉज. त्याचा पूर्वज आपल्या ओळखीचा आहे : मचाण. १९३२ मध्ये न्येरीजवळ एका प्रचंड झाडावर, पाणवठ्यासमोर, 'ट्रीटॉप्स' नावाची दोन खोल्यांची झोपडी बांधली गेली. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तिथे रात्रभर जनावरे पाहत बसली असता इंग्लंडात तिचे वडील वारले, आणि झाडावर चढलेली राजकन्या उतरली ती राणी होऊन. सोबतीला होता कुमाऊँच्या मचाणांवर जन्म काढलेला जिम कॉर्बेट. १९५४ मध्ये, माऊ माऊ बंडाच्या काळात, ते मचाण जाळले गेले. ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या त्यांच्या दृष्टीने ती नुसती झोपडी नव्हती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

येथे पहिला प्रश्न येतो, पाण्याचा. कोरड्या दिवसांत जनावर पाण्यापाशी येते. म्हणून पाणवठ्यासमोरचे लॉज साधे असले तरी श्रीमंत. त्सावोत १९६२ मध्ये उघडलेल्या किलागुनी लॉजच्या ओसरीवर बसल्या बसल्या हत्ती दिसतात ते याच कारणाने. त्याच त्सावोतल्या म्झिमा झऱ्यांतून मोंबासा शहराला नळाने पाणी जाते. तानसा अभयारण्यातले पाणी आपल्या भिवंडी तालुक्यातून मोठमोठ्या नळांनी मुंबईला जाताना आपण रोज पाहतो. अरण्य आणि शहर यांचे हे नाते आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. तेव्हा लॉजवाल्याला पोहण्याचा तलाव किती मोठा हे विचारण्याआधी जनावरांचे पाणी किती अंतरावर आहे ते विचारावे.

दुसरा प्रश्न वाटेचा, म्हणजे ऋतूचा. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस, 'मासिका'. ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंतचा छोटा, 'वुली'. आपल्याकडे मुलांना सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत. म्हणजे दोन्ही वेळा पावसाशी गाठ. मे महिन्यात दर उतरतात, पण गाड्या चिखलात रुततात. दिवाळीत सरी पुष्कळदा दुपारी येतात आणि रान हिरवे असते, एवढा दिलासा. दहा लाखांहून अधिक रानबैल, म्हणजे विल्डेबीस्ट, वर्षभर पावसामागे फिरत असतात. जानेवारी ते मार्च त्यांची वीण सेरेंगेटीच्या दक्षिणेस न्दुतूच्या बाजूला होते. जुलै ते सप्टेंबर-ऑक्टोबर त्यांचे कळप उत्तरेस मारा नदी ओलांडतात. आणि सेरेंगेटी आहे १४,७६३ चौरस किलोमीटरची, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या तिपटीहून मोठी. 'सेरेंगेटीत लॉज घेतले' हे म्हणणे 'कोकणात खोली घेतली' असे म्हणण्यासारखे आहे. कोणत्या महिन्यात, कोणत्या टोकाला, हे ठरवल्यावाचून आगाऊ रक्कम भरू नये.

तिसरा प्रश्न मुक्कामाच्या जमिनीचा, आणि तोच सर्वांत अवघड. सेरेंगेटीतून १९५९ च्या सुमारास मसाई गुराख्यांना हलवले, तेव्हा शेजारच्या न्गोरोंगोरोत त्यांनी गुरांसह राहावे असे ठरले. त्याच न्गोरोंगोरोतून २०२२ पासून त्यांना दूर हांदेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा येथे नेले जात आहे. सरकार याला स्वखुशीचे स्थलांतर म्हणते. अनेक मसाई ते मान्य करीत नाहीत. ताडोबा आणि मेळघाटातल्या गावांचे पुनर्वसन ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हा वाद परका वाटणार नाही. केनियात मारा राखीव क्षेत्राच्या कडेला मात्र दुसरी रीत रुजली आहे. मसाई कुटुंबे आपली जमीन एकत्र करून लॉजवाल्यांना भाड्याने देतात, दरमहा भाडे घेतात, आणि तंबूंची संख्या मर्यादित ठेवतात. तिथे रात्रीची फेरी आणि पायी भटकंतीही करता येते, जी मुख्य राखीव क्षेत्रात सहसा चालत नाही. हे भाडे म्हणजे जुना होंगोच. फक्त कापडाऐवजी शिलिंगांत. सारेच तंटे त्याने मिटलेले नाहीत. तरीही आपल्या पैशातला वाटा जमिनीच्या धन्याकडे जातो की नाही, हे विचारण्याचा हक्क पाहुण्याला आहे, आणि चांगला लॉजवाला या प्रश्नाने रागावत नाही.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस टोचून घ्यावी आणि तिचा दाखला जपावा, नाही तर परतताना आपल्याच विमानतळावर अडवून ठेवतील. हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. न्गोरोंगोरोचा कडा सुमारे २,३०० मीटर उंच. तिथे रात्री स्वेटर लागतो. रानातल्या छोट्या विमानांत बहुधा पंधरा किलोच सामान नेऊ देतात, म्हणजे जुन्या हमालाच्या ओझ्याच्या निम्मे. आणि गडद निळे कपडे टाळावेत, कारण त्से-त्से माशी निळ्या रंगाकडे ओढली जाते.

जेकब वेनराइटपाशी यांतले काहीच नव्हते. पाणी, पाऊस आणि परक्या मुलखातली माणसे यांचा अंदाज घेत तो आणि त्याचे सोबती नऊ महिने चालत राहिले आणि किनाऱ्याला पोचले. कामतघरहून नाशिकचे शरणपूर मोटारीने तीन-साडेतीन तासांवर आहे. आफ्रिकेचे तिकीट काढण्याआधीच्या एखाद्या रविवारी मुलांना तिकडे न्यावे आणि या वाटेवर आपल्या आधी कोण गेले होते ते त्यांना सांगावे.