राजापुढचें प्यादें

धरणगांवचें नांव निघालें कीं इतिहासाच्या अभ्यासकास १८२५ सालीं औट्रमनें येथें उभारलेली भिल्लांची पलटण आठवते, व काव्यरसिकास १८९० सालीं येथें जन्मलेले बालकवि आठवतात. आम्हांस त्यांबरोबर एक ओटाहि आठवतो. तेथें पट मांडून बसलेल्या एका वृद्ध आप्तांशीं खेळतांना आम्हीं, नुकत्याच वाचलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या भरंवशावर, राजापुढचें प्यादें एकदम दोन घरें पुढें टाकलें. "अरे, पायदळ आहे तें! चालव, पळवूं नकोस," असें म्हणून त्यांनीं तें एक घर मागें घेतलें.

हा केवळ वृद्धांचा हट्ट नव्हता. देशी बुद्धिबळांत प्यादें पहिल्या खेळींतहि एकच घर चाले. कॅसलिंग नसे, त्याऐवजीं शह न मिळालेल्या राजास एकदांच घोड्याची चाल मिळे. दोन्ही राजांचीं प्यादीं मध्यावर समोरासमोर येण्यास चार खेळ्या लागत. युरोपीय रीतींत दोनच पुरतात. म्हणून देशी डाव व्यूह रचीत संथपणें उलगडे, व तिकडे पहिल्या क्षणापासून चकमक जवळ येई.

या चकमकीचा विचार स्पेनमधील धर्मोपदेशक रुय लोपेझ यानें १५६१ सालच्या आपल्या ग्रंथांत केला. राजाचें प्यादें, मग घोडा, मग प्रतिपक्षाच्या घोड्यावर रोखलेला उंट, हा क्रम आज त्याच्याच नांवानें ओळखला जातो. यास काळ्यानें आपला राजाकडील उंट सरळ बाहेर काढून उत्तर देणें, हा त्यांतील 'क्लासिकल' बचाव होय. उत्तर स्वाभाविक आहे. परंतु पांढरा वजिराकडील प्यादीं पुढें रेटून मध्य व्यापतो आणि त्याच उंटास हुसकावतो. पुढें मॉर्फीच्या नांवाचा, कडेचें प्यादें एक घर सरकविण्याचा बचाव अधिक रूढ झाला. मौज अशी कीं, खुद्द लोपेझास घोड्याऐवजीं दुसऱ्याच खेळींत वजिराचें प्यादें एक घर सरकविणें बरें वाटे. आमचे आप्त त्यास खचित दाद देते!

इकडेहि नवी रीत लवकर पोंचली. युरोपीय पद्धतीस अनुरूप असा त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ १८१४ सालीं मुंबईस इंग्रजींत निघाला. देशी खेळांत मुरलेल्या पंजाबच्या सुलतानखानानें १९२९, १९३२ व १९३३ सालीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें. १९५५ सालीं रामचंद्र सप्रे पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेते ठरले; २०२५ सालीं नागपूरच्या दिव्या देशमुखनें महिलांचा विश्वचषक जिंकला. नियम सर्वत्र एक झाले नसते, तर आमच्या गांवाकडील मुलांस ही वाट खुली झाली नसती.

तेव्हां जें गेलें त्याबद्दल आक्रोश करण्याचें कारण नाहीं. परंतु त्या दिवशीं आम्हीं पुस्तक उघडून आमचेंच म्हणणें खरें केलें, आणि तुमचे नियम कोणते, हें त्यांना विचारलें नाहीं. त्यांनीं कधीं कांहीं लिहून ठेवलें नव्हतें. डाव आम्हीं जिंकला; पण त्यांचा डाव त्यांच्याबरोबरच गेला, ही खंत अद्याप मनांत आहे.